सिंहीण कुणाची?

आफ्रिकेतल्या सिंहांचे माहितीपट आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेले असतात. पूर्वी दूरदर्शनवर, मग केबलवर, आता हातातल्या मोबाइलवर. केनियातले मसाई मारा आणि त्याला लागूनच टांझानियात पसरलेले सेरेंगेटी ही नावे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. यावर स्त्रियांच्या चळवळीने बोलावे असे काय आहे, हुंडा, मारहाण, पाणी, रेशन एवढे सगळे पुढ्यात पडलेले असताना सिंह कुठून आणले, असे कुणी विचारेल. पण ज्या घरात बाईने मोठ्याने हसलेलेही चालत नाही त्या घरात हे माहितीपट सासू, सून, नातू असे सगळे मिळून बघतात. त्यांना कुणाची हरकत नसते, कारण तो 'निसर्ग' असतो. आणि 'निसर्गातच असं असतं' हे वाक्य आपल्याला किती ठिकाणी, किती वेळा ऐकवले गेले आहे ते मी सांगायला नको.

निवेदनाची भाषा नीट ऐका. आयाळवाला नर पडद्यावर आला की तो 'राजा'. मग 'त्याचा' कळप, 'त्याच्या' माद्या, 'त्याचे' राज्य. काही ठिकाणी सरळ 'जनानखाना' असाही शब्द येतो. सिंहिणींनी शिकार केली तर ती राजासाठी केली, आणि राजा आधी जेवला तर तो त्याचा मान. आपल्या घरातली पंगतच जणू गवतात मांडली आहे.

आता वस्तुस्थिती काय आहे? सेरेंगेटीतल्या सिंहांचा शास्त्रीय अभ्यास जॉर्ज शालर यांनी १९६६ मध्ये सुरू केला. १९७८ पासून अ‍ॅन प्यूझी आणि क्रेग पॅकर यांनी तो अनेक वर्षे चालवला. एकेक सिंहीण चेहऱ्यावरच्या ठिपक्यांवरून ओळखून तिच्या कित्येक पिढ्यांची नोंद झाली. या अभ्यासातून दिसते ते असे, की कळप म्हणजे आई, मुली, मावश्या, आज्या. बहुतेक मुली जन्मल्या त्याच कळपात राहतात, मुलगे वयात आले की बाहेर पडतात. नर बाहेरून येतात आणि साधारण दोन-तीन वर्षांत दुसरे नर त्यांना हुसकावून लावतात. मुलूख, पाणवठे, लपायच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात त्या सिंहिणींच्या वंशात. म्हणजे हक्काचे घर तिचे, आणि दोन-तीन वर्षांच्या पाहुण्याला आपण घरमालक म्हणतो! सिंहिणी पिल्ले एकत्र वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना अंगावर पाजतात (आपल्याला जरा जास्त, हेही खरे). नवे नर आले की ते आधीची लहान पिल्ले मारून टाकतात. त्या वेळी या सिंहिणी एकजुटीने त्यांना तोंड देतात. कधी जमते, कधी जमत नाही.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे आणि तो आपल्या बाजूच्या लोकांना फार आवडतो. नर नुसता झोपतो, सगळे काम मादी करते, 'बघा, तिथेही तेच!' असे आपण म्हणतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यात झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की नरही शिकार करतात, पण दाट झाडीत, रात्री, दबा धरून. उघड्या गवताळ माळावर, दिवसाउजेडी, मोटारीतून बघणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून ते घडतच नाही असे ठरले. आपल्याला सोयीचा असला तरी तोही निष्कर्ष चुकीचाच होता.

इथे मला जीन आल्टमन या बाईंचे नाव आवर्जून घ्यावेसे वाटते. गणित शिकलेल्या या बाईंनी केनियातल्या अंबोसेली येथे बबून माकडांचा अभ्यास केला. १९७४ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. विषय अगदी कोरडा, प्राण्यांच्या वागण्याच्या नोंदी कशा घ्याव्यात. पण त्या निबंधाने या क्षेत्राची कामाची रीतच बदलून टाकली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्ही नुसते बसून 'जे दिसेल ते' लिहीत गेलात तर तुमचे डोळे मारामारीकडे, आरडाओरड्याकडे, मोठ्या अंगाच्या प्राण्याकडे जाणार. कोपऱ्यात पिल्लू घेऊन चरणाऱ्या मादीची नोंद वहीत येणारच नाही. म्हणून आधी ठरवा, आता अमुक वेळ या एकीकडेच बघायचे. ती काही करो वा न करो, लिहायचे. मग दुसरी. सगळ्यांना सारखा वेळ.

समाजकार्याच्या शिक्षणात आम्ही निरीक्षणाच्या पद्धती शिकलो, पण हे इतके स्वच्छ कुणी सांगितले नव्हते. वस्तीत सर्वेक्षणाला गेले की बाई म्हणते, 'मी काही करत नाही, घरीच असते.' तिच्यामागे पहाटेपासून रात्रीपर्यंत हिंडले तर 'काही करत नाही' म्हणजे काय ते कळते. आपल्याकडे १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पहिली पाहणी झाली, मग २०१९ मध्ये देशभर झाली. त्यात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करतात आणि घरकामात हात घालणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आकडे आले. ही मिनिटे आधीही होती, पण तोवर त्यांच्यामागे घड्याळ घेऊन कुणी गेले नव्हते.

माहितीपटवाल्यांचा कॅमेरा मात्र अजून 'जे दिसेल ते' या जुन्याच रीतीने चालतो. त्यातही त्याला पैसे मिळतात ते थराराचे. सिंह दिवसातले वीसेक तास नुसते पडून असतात. महिनोन्‌महिने केलेल्या चित्रणातून पन्नास मिनिटे उरतात आणि त्यात झडप, रक्त, मारामारी भरलेली असते. लांब पल्ल्याच्या भिंगातून चित्र मिळते, पण तेवढ्या अंतरावरून आवाज मिळत नाही. म्हणून पावलांचा, हाडे फोडण्याचा आवाज बहुधा नंतर स्टुडिओत भरतात. मागे ढोल असतातच. मला यात फसवणुकीपेक्षा सवय जास्त दिसते. पण ती सवय कुणाची, हे विचारायला हवे.

सर्वांत जास्त अन्याय झाला तो तरसांवर. आपल्या भाषेतही तरस म्हणजे किळसवाणे, स्मशानातले, मेलेले खाणारे. १९९४ च्या 'द लायन किंग'मध्ये तर ती सिंहाच्या राज्यावर चालून येणारी गलिच्छ टोळीच. हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात सेरेंगेटी आणि एन्गोरोंगोरो येथे रात्र-रात्र जागून पाहिले तेव्हा कळले, की ठिपकेदार तरस आपले बहुतेक अन्न स्वतः शिकार करून मिळवते. एन्गोरोंगोरोत तर पुष्कळदा तरसांनी मारलेली शिकार सिंहच लुबाडत होते. सकाळी मोटारीतून येणाऱ्याला सिंह खाताना आणि तरस ताटकळताना दिसायचे. चोर कोण, हे रात्री जागल्याशिवाय कसे कळणार?

आणि ठिपकेदार तरसांत सत्ता मादीची असते. ती नरापेक्षा अंगाने मोठी, टोळीची प्रमुख तीच. बाहेरून आलेला नर सर्वांत खालच्या पायरीवर. मसाई मारात के होलकँप यांनी १९८८ पासून हा अभ्यास पुढे नेला. १९९२ साली जूबेर दांपत्याने बोट्‌स्वानातल्या सावूती भागात काढलेला सिंह आणि तरसांच्या वैराचा माहितीपट खूप गाजला. चित्रणासाठी नवरा-बायको वर्षानुवर्षे रानात राहिले, त्यांची मेहनत वादातीत आहे. टोळीची प्रमुख मादी असते हेही त्यांनी दाखवले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो क्षण कोणता? एक प्रचंड नर सिंह धावत येतो आणि त्या प्रमुख मादीला मारून निघून जातो. तिला तो खात नाहीच. पाहणारे टाळ्या वाजवतात.

हे वाचून कुणी म्हणेल, चला, तरसाचे भित्तिपत्रक करू या, मातृसत्तेचे प्रतीक! तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तरसांच्या टोळीत मादीची सत्ता आहे, पण ती जन्मावर ठरते. वरच्या मादीची लेक जन्मतःच आईच्या खालोखाल बसते, आणि खालच्या मादीची लेक सहसा आयुष्यभर उष्ट्यावर. शिकार जिने केली तिलाच बाजूला सारून पाटलीणबाईंची पोर आधी खाते. बाईची सत्ता आली म्हणजे उतरंड गेली असे होत नाही, हा आपल्या चळवळीतला जुनाच वाद आहे आणि दलित मैत्रिणींनी तो आपल्यापुढे किती स्पष्ट मांडला आहे! उलट सिंहिणींत, २००१ मध्ये पॅकर आणि प्यूझी यांनी सहकाऱ्यांसह दाखवल्याप्रमाणे, अशी उतरंड आढळत नाही. एकाच कळपातल्या सिंहिणींची पिल्ले साधारण सारख्याच प्रमाणात जगतात. दोन्ही माद्या, दोन्ही शिकारी, दोघी त्याच रानात. निसर्गाला साक्षीला बोलवायचे तर यातली कोणती बोलवणार? आपल्याला समता हवी आहे ती माणसे म्हणून. त्यासाठी सिंहिणीच्या दाखल्याची गरज नाही.

आता बघणाऱ्यांच्या मोटारींविषयी. मादी चित्ता पिल्ले एकटीच वाढवते. शिकारही एकटीच करते आणि बहुधा दिवसा, म्हणजे पर्यटकांच्याच वेळेला. मसाई मारात एका सावजाभोवती एका वेळी पाचच गाड्या असा नियम आहे. हंगामात तो कसा पाळला जातो ते कुठलीही हौशी चित्रफीत बघून समजते. फेम्के ब्रूकहाउस यांनी २०१८ मध्ये मारातल्या चित्त्यांविषयी प्रसिद्ध केलेले आकडे असे: जिथे पर्यटक कमी तिथे एका मादीची सरासरी दोनपेक्षा जास्त पिल्ले मोठी होतात, जिथे गर्दी तिथे ०.२, म्हणजे पाच माद्यांमागे जेमतेम एक पिल्लू. 'मायेचे दृश्य' टिपायला आलेल्या गाड्यांच्या वेढ्यात ती माया करपते आहे, आणि त्या गाड्यांमध्ये हौशी भारतीय, आपले मराठी पर्यटकही असतात.

या सगळ्या चित्रणात एक गोष्ट फार क्वचित दिसते, ती म्हणजे माणूस. गवत, आकाश, प्राणी, जणू तिथे कधी कुणी राहतच नव्हते. सेरेंगेटीतून मसाई लोकांना १९५९ मध्ये बाहेर काढून एन्गोरोंगोरोकडे हलवले गेले. त्याच वर्षी बर्नहार्ट ग्रझिमेक यांचा 'सेरेंगेटी मरता कामा नये' हा चित्रपट आला आणि त्याला ऑस्करही मिळाले. सेरेंगेटी वाचली पाहिजे हे कोण नाकारील? पण पशुपालकांना तिथे जागा असू नये, ही कल्पनाही त्याच वाटेने जगभर गेली. जून २०२२ मध्ये लोलिओंडो येथे दीड हजार चौरस किलोमीटर जमीन राखीव करण्यासाठी हद्दीचे खांब रोवायला सरकारी माणसे आली. लोकांनी विरोध केला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, कितीतरी जण जखमी होऊन सीमेपलीकडे केनियात पळाले. एका पोलिसाचाही जीव गेला. धरणग्रस्त, अभयारण्यग्रस्त बायांबरोबर काम केलेल्या मैत्रिणींना यापुढचे मी सांगण्याची गरज नाही.

मसाई घर बाई बांधते. काटक्या, माती, शेण तिच्याच हातचे. पाणी, सरपण तीच आणते. गाय नवऱ्याची म्हटली जाते, पण दूध काढणे आणि वाटणे तिचे. सिंहाने गाय मारली की पुरुषाची संपत्ती जाते असे सगळे बोलतात. पोरांच्या पेल्यातले दूध जाते हे बोलत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये मारातल्या 'मार्श' कळपाला मेलेल्या गुरात विष कालवून मारण्याचा प्रयत्न झाला. त्यात बिबी नावाची सतरा वर्षांची सिंहीण मेली. बीबीसीच्या मालिकेमुळे ती जगाला माहीत होती, म्हणून बातमी जगभर गेली. हळहळ मलाही वाटली. पण ज्या गोठ्यातल्या गाई आधी गेल्या होत्या, तिथल्या बाईचे नाव कुठल्याच बातमीत मी वाचले नाही.

माराच्या भोवतीच्या जमिनींवर आता खासगी राखीव क्षेत्रे आहेत. पर्यटन कंपन्या जमीनमालकांना दरमहा भाडे देतात. व्यवस्था वाईट नाही, सिंह टिकायला तिचा उपयोगही झाला आहे. पण सामायिक कुरणांची वाटणी झाली तेव्हा जमीन बहुतांश पुरुषांच्या नावावर चढली, विधवांसारखे थोडे अपवाद सोडून. मग भाडे कुणाच्या हातात पडणार? सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्यासाठी ज्यांनी तलाठ्याचे उंबरे झिजवले आहेत त्यांना हे उत्तर येते. मणी ओवून पर्यटकांना विकणे एवढे बाईच्या वाट्याला येते, आणि तिचा फोटो फुकट.

काही बदलते आहे. २०१९ मध्ये अंबोसेलीलगत आठ मसाई तरुणींची 'टीम लायनेस' ही वनरक्षकांची तुकडी उभी राहिली. आपल्या घरात पगाराची नोकरी मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. २०२० च्या टाळेबंदीत त्या महिनोन्‌महिने घरी न जाता रानात गस्त घालत राहिल्या. सिंह कुठे फिरतो आहे, गुरे कुठे नेऊ नयेत, हे वाड्या-वस्त्यांवर जाऊन त्या बायकांशी बोलतात, आणि बायका त्यांना जे सांगतात ते पुरुष रक्षकांना सांगत नसत. यांच्या हातात कॅमेरा गेला तर चित्रपट कसा निघेल याची मला फार उत्सुकता आहे.

तोवर आपल्या हातात एक छोटी गोष्ट आहे. किशोरी गटांत, शाळांत हे माहितीपट दाखवले जातात, ते जरूर दाखवावेत. पण पहिली पंधरा मिनिटे आवाज बंद ठेवून दाखवावेत आणि मुलींनाच निवेदन करायला सांगावे. आमच्या एका गटात हे केले तेव्हा आयाळवाला सिंह पडद्यावर आल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, 'हा कोण? मघापासून तर नव्हता.'