पथ्य कोणी पाळायचे?

जवाहर चौकातून चूर्णाची पुडी आणली की आपली जबाबदारी संपली, असे पुष्कळांस वाटते. आयुर्वेदास हे मान्य नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. रोग्यानेही स्मरण ठेवावे, सांगितलेले पाळावे, भिऊ नये, व्यथा नीट सांगावी. शिकवणी गुरूची, पण रियाज शिष्याचाच, तसेच हे. बुद्धी, संयम व स्मृती सुटून घडणाऱ्या अहितकर कर्मास चरक प्रज्ञापराध म्हणतो. राग, जागरण, जिभेचे लाड यांना मुरड घातल्यावाचून नुसता काढा काय करणार?

मात्र या तत्त्वाची काठी करून आजाऱ्यास झोडपू नये. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळात विषारी वायूने ज्यांना गाठले, त्यांनी कोणते पथ्य मोडले होते? हवा, पाणी, भूमी व काळ बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकदमच आजारी पडतात, असे विमानस्थान सांगते. आणि त्याच्या मुळाशी देशनगराच्या प्रमुखांपासून सुरू होणारा अधर्म, म्हणजे पुन्हा प्रज्ञापराधच दाखवते. तेव्हा आपल्या ताटाचे पथ्य आपण पाळावे आणि शहराच्या हवापाण्याचे पथ्य कारभाऱ्यांकडून पाळून घ्यावे, हेच खरे.