तापाच्या घरात पाणी कोण देतं?



फ्लूची साथ जाहीर झाली की वर्तमानपत्रांत एक चौकट छापून येते. हात साबणाने धुवा, रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा, हलका आहार द्या, घरी विश्रांती घ्या. सल्ला चुकीचा नाही. पण 'ठेवा', 'द्या' हे कुणाला सांगितलं आहे, ते प्रत्येक घरात न सांगता कळतं. आणि 'विश्रांती घ्या' हे त्याच बाईलाही लागू आहे, असं मात्र कुणाला वाटत नाही. तिला स्वतःलाही नाही.

याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत शिरलेल्या इन्फ्लुएंझाने सप्टेंबरनंतर देशभर हाहाकार केला. मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. आपल्याकडे या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. अभ्यासकांनी कारणं शोधताना दोन गोष्टींवर बोट ठेवलं: बायकांच्या वाट्याला येणारं अपुरं अन्न (त्या वर्षी पाऊसही फसला होता) आणि आजाऱ्यांची शुश्रूषा. उपाशी बाई तापलेल्या माणसाच्या उशाशी बसली आणि तिलाही ताप आला. मग तिच्या उशाशी कोण बसलं, याची नोंद कुठल्या अहवालात असणार?

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, थिएटरं बंद झाली. शाळा बंद करण्याचा निर्णय योग्यच असेल. पण मुलं घरी राहिली की त्यांच्यापाशी कुणी थांबायचं, हे त्या आदेशात लिहिलेलं नसतं. गरोदर बायकांना या तापाचा धोका अधिक, हेही त्याच साथीत ठळकपणे दिसलं. तरीही सासऱ्यांच्या खोकल्याला काढा घेऊन जायला घरातली पाच महिन्यांची पोटुशी सूनच उठते. ते आधी थांबवायला हवं.

म्हणून घरची तयारी म्हणजे डेटॉलची बाटली आणि मास्कचा डबा, एवढंच मी मानत नाही. साथ येण्याआधी, सगळे धडधाकट असताना, जेवायला बसल्यावर हा विषय काढावा. आपल्याकडे फ्लू जानेवारी ते मार्च आणि पुन्हा पावसाळ्याच्या शेवटी वाढतो, तेव्हा वेळ ठरवता येते. शुश्रूषेला एकच निरोगी माणूस नेमायचा. ती गरोदर बाई नको, दम्याची किंवा मधुमेहाची रुग्ण नको, साठीच्या पुढची आजीही नको. म्हणजे बऱ्याच घरांत तो नवरा किंवा मोठा मुलगा निघतो! त्याला वरण-भात लावता येतो का, ताप मोजता येतो का, हे आधी पाहून घ्या. रुग्ण लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. तेवढे दिवस हे काम चालतं.

'वेगळी खोली' हा शब्द वाचून वस्तीतल्या मैत्रिणी हसतात. दहा बाय बाराच्या खोलीत रुग्णाला खिडकीजवळ झोपवा, मास्क त्याच्या तोंडाला बांधा, उशा उलटसुलट दिशेला ठेवा. नळ तासभरच येत असेल तर हात धुण्याच्या पाण्याची एक बादली बाजूला काढून ठेवा. लहान मुलाला तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नका. धाप लागली, ओठ निळसर दिसले, ग्लानी आली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर सकाळची वाट पाहू नका. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडतं, आणि बाईचे ते ४८ तास बहुधा 'अंग जरा दुखतंय' म्हणण्यात जातात. लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. गरोदरपणीही ती घेता येते.

आता कामाची जागा. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तापात कामावर येते कारण खाडा केला तर पैसे कापले जातात. ती आली म्हणजे साथ चार घरांत गेली. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांची फाटकं तिला बंद झाली, आणि अनेकींचा पगारही बंद झाला. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे. त्याने कल्याण मंडळ दिलं, आजारपणाची भरपगारी रजा दिली नाही. त्याच २०२० मध्ये दारोदार फिरून तापाचे रुग्ण शोधणाऱ्या आशाताई सरकारच्या लेखी स्वयंसेविका होत्या. मानधनासाठी त्यांना २०२१ च्या जूनमध्ये संप करावा लागला.

आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणी कुणाला तरी कामावर ठेवणाऱ्या आहेत. त्यांना माझं सरळ सांगणं आहे: तापाचे पाच दिवस पगारी, हे आजच ताईंना तोंडाने सांगा. ताप आल्यावर सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, येईलच. इमारतीतल्या चार घरांनी मिळून ठरवलं तर उत्तम.

कारखान्यात, गोदामात काम करणाऱ्या मैत्रिणींपैकी ज्यांची राज्य कामगार विमा योजनेत वर्गणी कापली जाते, त्यांना पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कंत्राटदार पैसे कापतो आणि भरत नाही, असंही घडतं. विमा क्रमांक मागून घ्या, त्यावर नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते पाहा, आणि जवळचा विमा दवाखाना कुठे आहे ते अंगात ताप नसताना एकदा जाऊन बघून या.