साडीगार्डच्या पलीकडचं चाक

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १२३ क्रमांकाचा एक नियम आहे. मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निदान निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत. नियमात शब्द आहे 'व्यक्ती'. बाजारात मात्र या जाळीला सगळे 'साडीगार्ड' म्हणतात. 

नियम चांगला आहे, गरजेचा आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण बाई आणि मागचं चाक यांचं नातं आपल्या समाजाने कसं कल्पिलं आहे, ते या नावात नेमकं कळतं. गाडी दुसरा कोणीतरी चालवतो. बाई मागे, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पदर सावरत बसते. आणि मागचं चाक ही तिच्यासाठी फक्त धोक्याची वस्तू, जिच्यापासून तिला वाचवायचं. तेच चाक ती पाना घेऊन सोडवेल, त्याची चेन ताणेल, ब्रेक लावून बघेल, अशी कल्पना कोणी केलेलीच नाही. खरं सांगायचं तर आपण चळवळीतल्या बायांनीही केलेली नाही.

आज बाया गाड्या चालवतात, हे मान्य. शहरात बिनगिअरच्या स्कूटरवर कितीतरी जणी दिसतात. आमच्यासारख्या तालुक्यात, वाड्यावस्त्यांवर काम करणाऱ्यांना मात्र मोटारसायकलच सोयीची पडते. चाक मोठं, कच्च्या रस्त्यावर तग धरणारं, पेट्रोल कमी पिणारं. पण गाडी चालवता येणं हे अर्धंच स्वातंत्र्य आहे. गाडी बिघडली की आपण पुन्हा तिथेच येतो. नवऱ्याला फोन, भावाला फोन, संस्थेतल्या एखाद्या दादांना फोन. आणि गाडी ठीक आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच.

हा अधिकार वाटतो तितका साधा नाही. मी ज्या संस्थांमधून काम केलं, त्यांपैकी एकीत क्षेत्रकामासाठी दोन मोटारसायकली होत्या. गावात जाणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये बाया जास्त, परवाने तिघींकडे. तरी दोन्ही गाड्या पुरुष कार्यकर्त्यांकडे राहायच्या. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "देखभाल तेच बघतात ना!" बायांना चालवता येत नाही, असं कोणी म्हणत नव्हतं. ते म्हणण्याचे दिवस गेले. आता देखभाल हे कारण पुढे येतं. देखभाल ज्याची, त्याच्याकडे चावी. चावी ज्याच्याकडे, तो ठरवणार कोणत्या गावाला आज जायचं. रात्री आठ वाजता एखाद्या वस्तीवरून मारहाणीचा निरोप आला, तर तिथे पोचणार की सकाळपर्यंत थांबणार, हेही शेवटी चावीवरच ठरतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपण बायांना समजावून सांगतो. पण तो कायदा हातात घेऊन त्या वस्तीवर वेळेत पोचायला गाडीच लागते.

घरातही तेच. "चेन आवाज करतेय, आज गाडी नेऊ नकोस," असं नवरा म्हणतो. ते खरं असेल, काळजीपोटी असेल. किंवा आज तिने बैठकीला जाऊ नये म्हणूनही असेल. चेनमधलं काही कळत नसेल, तर ही काळजी आहे की लगाम, हे ती ओळखणार कशी? चेनला हात लावून बघता येणारी बाई निदान एवढं म्हणू शकते, "बघितली मी. ढिली आहे, आवळते आणि निघते." माझ्या दृष्टीने या एका वाक्यासाठी सगळी खटपट आहे.

"पण ते टेक्निकल असतं हो." हे वाक्य आपल्याच मैत्रिणी म्हणतात. त्यांना मी विचारते, पायाच्या शिवणयंत्राचा पट्टा ढिला झाला की तुम्ही काय करता? पट्टा उतरवायचा, तारेची कडी काढायची, थोडा कापायचा, नवीन भोक पाडून पुन्हा जोडायचा. फार घट्ट केला तर यंत्र जड जातं, ढिला ठेवला तर चाकावरून घसरतो. मशीनला तेल कुठे आणि किती घालायचं, हेही हाताला माहीत असतं. मोटारसायकलची चेन म्हणजे दुसरं काय? एका चक्राची फिरकी दुसऱ्या चक्राला द्यायची, ताण बेताचा ठेवायचा, घाण काढायची, तेल द्यायचं. एक काम बाई घरात बसून करते म्हणून ते 'घरकाम'. दुसरं पुरुष रस्त्यावर बसून करतो म्हणून ते 'कौशल्य', आणि त्याचे पैसे. श्रमविभागणीवर आपण इतकी व्याख्यानं दिली, ती विभागणी आपल्या दारातल्या गाडीला लावून बघायची मात्र राहून गेली.

तेव्हा चाकाजवळ बसून बघूया. मी सांगते ते शंभर सीसीच्या, ड्रम ब्रेकच्या साध्या गाडीचं. स्कूटरमध्ये चेनऐवजी आत बंद पट्टा असतो. तो असा ताणायचा नसतो, झिजला की बदलायचा असतो.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्यायची. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चावी काढून आपल्या कनवटीला. चेनच्या कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढलं की आतली चेन दिसते. खालच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चक्राच्या मधोमध ती वर-खाली हलवून बघायची. ही चाल साधारण दोन ते तीन सेंटिमीटर असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरायचा. एकाच जागी मोजून थांबायचं नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघायचं आणि जिथे ती सर्वांत घट्ट लागेल तिथलं माप खरं मानायचं.

ढिली चेन चक्रावरून उतरते, आणि चालत्या गाडीत अडकली तर मागचं चाक जाम होतं. घट्ट चेनचा धोका डोळ्यांना दिसत नाही. खड्ड्यात चाक वर-खाली होताना ती आणखी ताणली जाते आणि हळूहळू बेअरिंग खाते. म्हणजे 'जितकी घट्ट तितकी चांगली' हे चेनच्या बाबतीत खरं नाही.

चेन ताणायची तर आधी मागच्या एक्सलचा नट सैल करायचा. काही गाड्यांना चेनच्या बाजूला आत आणखी एक मोठा नट असतो, तोही सैल करावा लागतो. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर थोडे थोडे आणि सारखेच फिरवायचे. दोन्हीकडे खुणा कोरलेल्या असतात, त्या जुळल्या पाहिजेत. न जुळल्यास चाक तिरकं बसतं आणि चेन, टायर दोन्ही लवकर झिजतात. सगळे नट आवळायचे आणि पुन्हा माप घ्यायचं, कारण आवळताना चाक किंचित सरकतं. आता महत्त्वाचं. चाक मागे गेलं की ब्रेकचा दांडा ताणला जातो आणि ब्रेक चिकटून राहू शकतो. म्हणून पायाच्या ब्रेकची मोकळी चाल दांड्याच्या टोकाच्या नटाने नीट करायची, चाक हाताने मोकळं फिरतंय का बघायचं, आणि आधी अंगणात सावकाश चालवून ब्रेक मारून बघायचा. मगच रस्ता.

साफसफाई त्याहून सोपी. चेनवरचा चिखल जुन्या ब्रशने, रॉकेल किंवा डिझेल लावून काढायचा, पेट्रोलने नाही. चिंधीने कोरडी करायची, मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल थेंबाथेंबाने कडीकडीला देऊन जास्तीचं पुसून टाकायचं. चेन पूर्ण कव्हरमध्ये असेल तर त्यासाठी कव्हर उतरवावं लागतं. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं गेलेली माणसं आहेत. यात धाडस नाही, मूर्खपणा आहे. डांबरी रस्त्यावर साधारण पाचशे किलोमीटरला आणि पावसाळ्यात त्याच्या बरंच आधी हे करायला हवं.

आणखी काही खुणा ओळखायला शिकायच्या. मागच्या चक्रावरची चेन मागे ओढल्यावर ती दातांपासून सुटून वर येत असेल, किंवा दात आकड्यासारखे वाकले असतील, तर चेन-किट संपलं. नुसती चेन बदलून भागत नाही, दोन्ही चक्रांसकट किट बदलावं लागतं. चेनच्या लॉकची क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी, म्हणजे ती निसटत नाही. ब्रेकच्या ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो ड्रमवरच्या खुणेला पोचला की आतले ब्रेक शू झिजले असं समजायचं. तारांच्या चाकाला पान्याने हलकेच टकटक करायची. जी तार खणखणीत वाजत नाही, ती ढिली.

यातलं सगळंच स्वतः करायला हवं असं नाही. तारा ओढून चाक सरळ करणं, बेअरिंग बदलणं ही हात बसलेल्या मिस्त्रीची कामं. पण नेमकं काय बिघडलं हे सांगता येणारी बाई गॅरेजमध्ये गेली की संभाषणच बदलतं. "ताई, सगळंच बदलावं लागेल," या वाक्याला तिच्याकडे प्रतिप्रश्न असतो.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप आपल्यातलाच आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा आहे. बाईने घर करायचं, नोकरी करायची, चळवळ करायची, आता गाडीची चेनही तिनेच साफ करायची? हा आणखी एक बोजा नाही का? बोजा होऊ शकतो. संस्था उद्या म्हणेल, तुम्हाला येतं ना, मग गॅरेजचं बिल मिळणार नाही. त्याला ठाम विरोध करायला हवा. येणं वेगळं आणि करावंच लागणं वेगळं. स्वयंपाक येणाऱ्या पुरुषावर कोणी चूल लादत नाही, तसंच हे. देखभालीचा वेळ हा कामाचा वेळ आहे आणि तो हजेरीत धरला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, तो चेहऱ्यावर दिसतो. काळे हात. ग्रीस, चिखल, रस्त्यावर उकिडवं बसणं. समाजकार्याची पदवी घेऊन आलेल्या आपल्यापैकी कित्येकींना यात कमीपणा वाटतो. पण हाताने काम करणाऱ्याला खालचं मानणं ही आपल्या जातिव्यवस्थेची शिकवण आहे. गॅरेजमधला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, ज्याला आपण 'ए छोटू' म्हणून हाक मारतो, त्याच्या हातात असलेलं ज्ञान आपल्याकडे नाही. त्याच्याकडून शिकायला बसणं हा समतेचा धडाच आहे. आणि त्या वयाच्या मुलाने शाळेत असायला हवं होतं, हा प्रश्नही मग आपल्याला तिथे बसूनच दिसतो.

बायांनी यंत्राला हात लावल्यावर काय होतं, याचे दाखले आपल्या देशात आहेत. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमात १९९० च्या सुमारास गरीब, बहुतांशी दलित आणि कोल आदिवासी बायकांनी हातपंप दुरुस्ती शिकून घेतली. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पंपाच्या कामाची नोंद ठेवायची वेळ आली, तेव्हा वाचायला-लिहायला शिकवा ही मागणी त्यांनीच केली. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, कारण अक्षर आणि चाक दोन्ही त्यांना घराबाहेर नेणार होते. पान्यापासून पाटीपर्यंत आणि पाटीपासून चाकापर्यंत, दोन्ही वाटा बायांनी चालून दाखवल्या आहेत. 

म्हणून माझ्या काही साध्या मागण्या आहेत. त्या सरकारकडे नाहीत, आपल्याच संघटनांकडे आहेत. कार्यकर्त्यांच्या प्रत्येक शिबिरात अर्धा दिवस गाडीसाठी ठेवा. फळ्यावर नाही, अंगणात, खरी गाडी उघडून. शिकवायला गावातल्या मिस्त्रीला बोलवा आणि व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन त्याला द्या. दुसऱ्या शिबिरापासून आपल्यातल्या दोघीजणींनी शिकवावं. संस्थेच्या गाडीबरोबर पान्यांचा संच, हवेचा पंप आणि मराठीत लिहिलेला देखभालीचा तक्ता असावा. आणि गाडी कोणाकडे राहणार, हे कोण जास्त फिरतं यावरून ठरावं. 'देखभाल कोण बघतं' हे कारण यापुढे चालू देऊ नका.

साडीगार्ड राहू द्या. मागे बसणाऱ्या मैत्रिणीला त्याची गरज आहे. पण ते काढून चाक बाहेर घेता येणारी एक तरी बाई प्रत्येक गटात असली पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना पाना घेऊन या. गाडी दारात उभी असेलच.