पाश्चात्त्य काय : पुस्तक की किळस?

पेण तालुक्यातील जोहे गावच्या कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्तींपुढे गावोगावी व्याख्याने होतात. तेथे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२) या आत्मकथनाचे नाव सुचवून पाहा. ‘ही पाश्चात्त्य थेरे घरात नकोत,’ असे आपल्यातलेच सुशिक्षित सांगतील.

मग आयात नेमकी कशाची झाली, हे तपासावे. ३७७ वे कलम इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग तर हिजड्यांसाठीच होता. सरकारी नोंदवहीत नाव चढलेल्याने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे वा नाचणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. मूल दत्तक घेण्याचा, मृत्युपत्र करण्याचा अधिकारही गेला. कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. त्यामागची किळस देशभर मुरली. अर्धनारीश्वरापुढे हात जोडणाऱ्यांनी ती ‘संस्कृती’ म्हणून जपावी? (सारा दोष इंग्रजांच्या माथी मारण्यातही अर्थ नाही, ते कलम स्वतंत्र भारताने संमतीच्या संबंधांविरुद्धही २०१८ पर्यंत सांभाळले.)

सावरकरांच्या सत्तावन्नच्या ग्रंथावर १९०९ मध्ये प्रकाशनापूर्वीच बंदी घालणारे तेच राज्य. १९७५ च्या आणीबाणीतील मुस्कटदाबी तर आपण स्वतः सोसली. तेच आपण आता पुस्तकाला उंबरठ्यावर अडवणार?

त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली किन्नर आखाडा २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात उतरला. त्यांचे पुस्तक आपण वाचणार नसू, तर त्याचा अर्थ लावण्याचे काम हिंदू समाजाला सदैव आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी पुरोगामी मंडळी आनंदाने करतील. करीतही आहेत.