मुका कॉम्प्युटर आणि त्याचा दुभाषा

आज मी तुम्हांला माझी एक फजिती सांगणार आहे. शिक्षकांचीही फजिती होते बरं का! फक्त आम्ही ती वर्गात सांगत नाही.

आमच्या शेजारी सातवीतली एक मुलगी राहते. तिचं खरं नाव नको, आपण तिला चिमी म्हणू. तिच्या बाबांनी वर्षभर पैसे साठवून तिच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर विकत आणला. विंडोज टेन घातलेला. पडदा छान, कीबोर्ड छान, पण आवाज मात्र नाही! गाणं लावा, धडा लावा, स्वारी आपली मुखस्तंभ. स्पीकर बदलून पाहिले, तरी तेच. विकणारा म्हणाला, "जुना माल आहे, परत घेणार नाही." बाबांचा चेहरा एवढासा झाला. चिमी धावत माझ्याकडे आली, "बाई, तुम्हांला येतं ना कॉम्प्युटरचं?"

"येतं की!" मी ऐटीत म्हटलं. इथंच चुकलं.

गोष्ट होती ड्रायव्हरची. हसू नका, हा गाडी चालवणारा ड्रायव्हर नव्हे! समजा, आपल्या वर्गात फक्त मल्याळम बोलणारा एक मुलगा आला. त्याच्याशी बोलायला मधे दोन्ही भाषा येणारा कुणीतरी लागेल की नाही? कॉम्प्युटरचंही तसंच. विंडोज हुकूम सोडतं, "आवाज काढ!" पण आवाजाच्या चिपला ती भाषा कळत नाही. प्रत्येक कंपनीच्या चिपची बोली वेगळी. म्हणून मधे एक छोटा प्रोग्राम दुभाष्याचं काम करतो. तोच ड्रायव्हर. विंडोज नवं आलं, की कधी कधी जुन्या दुभाष्याला त्याची भाषा कळेनाशी होते आणि चांगलं धडधाकट यंत्र मुकं होऊन बसतं.

मी स्टार्टच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडला. हे म्हणजे कॉम्प्युटरचं हजेरीपत्रक! आतल्या सगळ्या भागांची नावं तिथं असतात. आवाजाच्या नावापाशी पिवळा त्रिकोण होता, त्यात उद्गारचिन्ह. म्हणजे घोटाळा तिथंच. पण मला कुठला धीर! मी बाकीच्यांच्या तारखा बघत सुटले. काहींवर चक्क २१ जून २००६! "अगं बाई, एवढे जुने?" म्हणून मी त्यांतले दोन-तीन काढून टाकले. वाय-फायच्या डोंगलचा ड्रायव्हर २०१२ चा होता, तोही मुळासकट पुसला.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आवाज नव्हताच, आता इंटरनेटही गेलं! नवा ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट यायला ड्रायव्हर हवा. झाली का पंचाईत?

"बाई, बंदच पडला का हो?" चिमीनं हळूच विचारलं. बाबा काहीच बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

मी म्हटलं, "चिमी, माझं चुकलं. उद्या आपण दोघी मिळून नीट करू."

रात्री वाचत बसले, तेव्हा एक गंमत कळली. विंडोजबरोबर येणाऱ्या पुष्कळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते. कंपनीनं दिलेला ड्रायव्हर त्यापेक्षा नवा ठरावा आणि विंडोजनं तोच निवडावा, म्हणून! तेव्हा जुनी तारीख म्हणजे बिघाड नव्हे. जे चालतंय, त्याला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगलच्या पाठीवरचं बारीक नाव आणि क्रमांक चिमीनं वहीत उतरवला. माझ्या मोबाइलवरून त्याच कंपनीच्या साइटवर जाऊन ड्रायव्हर घेतला आणि केबलनं कॉम्प्युटरमध्ये टाकला. वाय-फाय परत आलं!

मग आवाज. पिवळ्या त्रिकोणाच्या नावावर उजवी कळ, 'प्रॉपर्टीज', त्यात 'डिटेल्स', तिथं 'हार्डवेअर आयडीज'. व्हीईएन या अक्षरांपुढची चार चिन्हं म्हणजे चिपच्या कंपनीची खूण. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाही हाच क्रमांक! आमच्याकडे १०ईसी होतं, म्हणजे रियलटेक. शोधताना मधेच जाहिरात आली, "तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झालेत, इथे दाबा!" चिमी दाबणारच होती. मी हात धरला. असल्या बटणांमागून नको ते पाहुणे घरात शिरतात.

कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर होता, पण विंडोज सेव्हनचा. आमचं विंडोज ६४ बिटचं, म्हणून ड्रायव्हरही ६४ बिटचाच घेतला. जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेलच असं नसतं. म्हणून आधी 'रिस्टोअर पॉइंट' करून ठेवला, म्हणजे बिघडलंच तर मागं फिरता येतं. ड्रायव्हर घातला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. चिमीनं आवाजाची पट्टी सरकवली आणि...

टिंग!

बाबा स्वयंपाकघरातून धावत आले. "पुन्हा कर बघू," म्हणाले. चिमीनं दहा वेळा केलं!

तर दोस्तांनो, या आठवड्याचं काम. घरात कॉम्प्युटर असेल, तर मोठ्यांना विचारून हजेरीपत्रक उघडा. फक्त बघायचं हं, काही पुसायचं नाही! वाय-फायच्या आणि आवाजाच्या भागांची नावं वहीत लिहा, त्यांचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. एखादं यंत्र गप्प झालं, तर त्याला भंगारात काढण्याआधी विचारा, याचा दुभाषा तर हरवला नाही ना?

बराय, भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई