धूर दिसत नाही म्हणजे गाडी स्वच्छ? जुन्या फोर-बाय-फोरचं पीयूसीत न दिसणारं प्रदूषण

दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना इंधन मिळणार नव्हतं. लोक चिडले, काही दिवसांतच निर्णय थांबला. पुढे डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच कारवाईपासून संरक्षण ठेवलं. जुन्या गाडीवाल्यांचं म्हणणं एकच: वय नको, प्रदूषण बघा. मुद्दा पटतो. पण आपली पीयूसी नेमकं काय बघते?

पीयूसीत काय मोजतात?
डिझेल गाडीला न्यूट्रलमध्ये रेस देऊन धूर किती दाट आहे, एवढंच मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, मोजतच नाहीत. हा वायू फुफ्फुसांना त्रास देतो आणि उन्हात त्यापासून ओझोन तयार होतो.

ईजीआर कशासाठी असतो?
नॉक्स कमी करायला बहुतेक बीएस-४ डिझेल इंजिनांत ईजीआर व्हॉल्व्ह असतो. सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर तो पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आत ऑक्सिजन कमी पडतो, तापमान उतरतं आणि नॉक्स कमी तयार होतो. पण काजळी आणि ऑइलची वाफ मिळून व्हॉल्व्हवर कार्बनचा थर बसतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला की पिकअप जातो, काळा धूर येतो.

मग काही गॅरेजवाले सांगतात, ‘पत्रा लावून बंद करून टाकू.’ गंमत अशी की त्याने धूर खरंच कमी होतो, पीयूसीही पास होते. नॉक्स मात्र वाढतो, आणि तो कुणालाच दिसत नाही. शिवाय कंपनीने दिलेल्या सिस्टिममध्ये असा बदल करणं मोटार वाहन कायद्यातही बसत नाही.

मग करायचं काय?
- व्हॉल्व्ह खोलून साफ करून घ्या. मोटर गेली असेल तर बदला.
- एअर फिल्टर, टर्बोचे होज आणि इंजेक्टर तपासा. काळ्या धुराचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.
- गाडीला ओबीडी पोर्ट असेल, तर ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कोड बघा. पी०४०१ आला, तर ईजीआरमधून पुरेसा धूर फिरत नाहीये.

‘वय नको, प्रदूषण बघा’ असं म्हणायचं असेल, तर न दिसणारं प्रदूषणही त्यात धरावं लागेल. पत्रा लावलेली गाडी तो युक्तिवाद स्वतःच खोडून काढते.