खरा स्पायडरमॅन कुणाचा?

परवा मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात भांडण जुंपलं. एकाने बारामतीच्या दुकानातून स्पायडरमॅनचा बाहुला आणलेला, दुसऱ्याने इंदापूरच्या बाजारातून. "गुरुजी, खरा कुणाचा?" झालं, निवाडा माझ्याकडे!

दोन्ही टेबलावर उभे केले. इंदापूरचा धपकन आडवा! पण खांदे, कोपर, गुडघे वळवून पाहिले, तर तोच बरा निघाला. हात ठेवाल तिथे थांबायचा. बारामतीच्याचा खांदा ढिला, हात सारखा खाली. मग पाहिला रंग. जाळीच्या रेघा सांध्यापाशी जुळायला हव्यात, डोळ्यांची काळी कड रेखीव हवी. ओलं फडकं घासलं, तर इंदापूरच्याचा लाल रंग फडक्यावर! आणि छातीवर कोळ्याऐवजी वटवाघूळ. (ते बॅटमॅनचं, बरं का!) पोरं खो खो हसली.

तो मात्र हसला नाही. हळूच म्हणाला, "गुरुजी, धाकटा भाऊ ह्याचा हात चघळतो." भाऊ दोन वर्षांचा! एवढ्या लहानग्याच्या पोटात रंग जातो, सुटलेला बारीक तुकडा घशात अडकतो. म्हणून तर १ जानेवारी २०२१ पासून कारखान्यातल्या खेळण्यांवर आय.एस.आय.चा शिक्का सक्तीचा झाला. शिक्क्याखाली परवान्याचा क्रमांक असतो. बारामतीच्या खोक्यावर तो सापडला. इंदापूरच्याला खोकंच नव्हतं.

शाळा सुटल्यावर तो बाहुला माझ्याकडे ठेवून गेला. सध्या कपाटावर आहे, भिंतीला टेकवून.